टेपचं दुसरं टोक

पहिलं टोक यास्नाच्या हातात, वाल्दिवियाहून आलेली ती.
दुसरं माझ्या.
चिलोएच्या या चिखलात मी एरवी शिंपल्या उकरते,
म्हणून तिने मला रोजावर घेतलं:
"पाय कुठे रुततो ते तुला ठाऊक."

अमावस्येच्या उधाणाची ओहोटी. हाताशी दोन तास,
त्यातलाही अर्धा ओली वही पुसण्यात.
चिखलातून वर आलेल्या अकरा फासळ्या.
लहानपणापासून मी त्यांना कुणाच्या तरी कुंपणाचे खांब समजत आले,
त्यांच्यावर पिशवी टांगत आले.

"तीन मीटर बारा!" मी ओरडते.
वारा आकडा अर्ध्यावरच उचलतो.
पुन्हा ओरडते.

गुडघ्यांवर बसून ती लाकडाचा वास घेते,
दूध नासलंय का बघावं तसा.
सरूचं लाकूड. लूमाच्या खुंट्या. लोखंड कुठेच नाही.
फटींत आलेर्सेची साल ठासलेली, केसांसारखी,
आणि एके ठिकाणी साल नाही, लोकर.
करडी, हाताने कातलेली.
"घाईत बुजवलंय," यास्ना म्हणते,
"पाणी आत येत होतं, कुणीतरी अंगावरचं काढलं."
अंगावरचं वगैरे ती वहीत लिहीत नाही.
वहीत: लोकर, नमुना सात.

गावाने नाव केव्हाच ओळखली.
ला पोर्फियादा, म्हणजे हट्टी.
एवारिस्तो चिगुआय बटाटे आणि फळ्या भरून पुएर्तो मोंतला गेला
तो गेलाच.
कुणी म्हणालं, नाव विकून अर्जेंटिनात मेंढ्या कातरतोय.
कुणी त्याला दुसऱ्या बायकोसकट पाहिलंही.
पहिलीने काळं घातलं नाही.
मेलेल्यासाठी घालतात, पळालेल्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी नाळेजवळ माझं खुरपं कशावर तरी वाजलं.
दगड असा वाजत नाही.
कुजलेलं खोकं, पेंढा, आणि पेंढ्यात काचा,
खिडकीच्या, चार,
एका पांघरुणात झोपलेल्या बहिणींसारख्या चिकटलेल्या.
एकही फळी नाही.
साखर असलीच तर समुद्राने कधीच चाखली.
यास्ना बराच वेळ गप्प. मग नुसता हात केला:
दुकानं तिकडे. नाळ इकडे.
"परतीचा माल."
हे मात्र तिने लिहिलं.

नाळेच्या रोखाने टेकाडावर एकच घर,
दोनातिलाचं. एवारिस्तोची लेक. वय एक्क्याण्णव, ऐकू येतं ते डाव्या कानाने.
सांगायचं माझ्यावर आलं.
रोजात हे काम धरलेलं नव्हतं.
ती चुलीपाशी बटाटा सोलत होती. ऐकून घेतलं,
साल तुटू दिली नाही.
"किती?"
चार.
"चारच लागतात," म्हणाली, आणि खिडकीकडे पाहिलं नाही.
आईने तिथे आधी मेंढीचं कातडं ठोकलं होतं,
मग फळी. आता सरकारी प्लॅस्टिक.

यास्नाने विचारलं, माप घेऊ?
पुन्हा टेप, पुन्हा दुसऱ्या टोकाला मी.
चुलीमुळे चौकटीचं लाकूड बोटांखाली कोमट.
जमलं नाही.
काच मोठी. दोन बोटं, उंचीलाही, रुंदीलाही.
म्हणजे दुसऱ्या कुणाचीही असेल. काच काय, नावसुद्धा.
यास्नाने प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह काढलं.
मला ते पुसावंसं वाटलं.

दोनातिलाने आकडा दोनदा बोलून घेतला.
"दोन बोटं," ती म्हणाली.
"माझे बूटही तसेच आणायचा.
वाढेल, म्हणायचा."
आणि सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

खाली भरती चढत होती, फासळ्या एकेक करून बुडत होत्या.
मी बटण दाबलं.
टेप सरसरत डबीत परतली, चिखलासकट.